नापास रांगेतली सहाशे चौदा

तेला, १३ मार्च १९९६

श्री. नॉर्मान उमान्या,
संचालक, सान तेल्मो केळी संशोधन केंद्र

मंगळवार, १२ मार्च १९९६, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तुमच्या केंद्रात, कुंपणालगतच्या नापास रांगेतलं सहाशे चौदा नंबरचं केळीचं झाड तोडण्यात आलं. वेळ माझ्या घड्याळातली आहे. माझं घड्याळ केंद्राच्या भोंग्यापेक्षा नेहमीच बरोबर होतं, हे तुम्हाला माहीत आहे. उशिरा येऊन भोंग्याचा दाखला देणाऱ्यांत तुम्हीही होता.

मी तिथे हजर होते. आत नव्हे, बाहेर. फाटकावरच्या नव्या पोराने मला थांबवलं. म्हणाला, "आजी, तुमचं नाव यादीत नाही." मी विचारलं, कसली यादी? तर म्हणे, पाहुण्यांची. एकतीस वर्षं मी त्या फाटकात बूट औषधाच्या पाण्यात बुडवून आत गेले. ते टाकं मीच बांधून घेतलं. आता मी पाहुणी, आणि तीसुद्धा न बोलावलेली. म्हणून मी तारेला धरून बाहेर उभी राहिले आणि आतलं बघितलं.

कोयता तेओफिलो लाराच्या हातात होता. एकोणतीस वर्षं शिडीच्या वर तो आणि शिडीखाली मी, असं आम्ही काम केलं. पहाटे केळफुलाचं एकेक पान उचलून तो पराग लावायचा आणि मी चिठ्ठी बांधायची. सहाशे चौदाचं बी सापडलं तेव्हा तो माझ्याशेजारी होता. त्याच माणसाने तोंडातली सिगरेट न काढता दोन घावांत झाड पाडलं, बुंध्याशी फुटलेली पिलं कंदासकट खणून काढली आणि ढिगावर फेकली. मग माझ्याकडे बघितलं, टोपीला हात लावला आणि पुढच्या झाडाकडे गेला. येशूला धरून देणाऱ्या यहुदाने निदान आधी गालाला तोंड लावलं होतं.

जगात त्या वाणाचं ते एकच झाड होतं. कोणी हुकूम दिला, कशासाठी दिला, आणि एक पील तरी राखून ठेवलं आहे का, हे मला हवं आहे. लेखी उत्तर शुक्रवार, २९ मार्चच्या आत. टेलिफोन करू नये. टेलिफोनवर माणसं जे बोलतात ते नंतर बोललेलं नसतं.

डॉ. एदेल्मिरा कोतो


सान तेल्मो, २७ मार्च १९९६

आदरणीय डॉ. कोतो,

आपलं पत्र मिळालं. संचालक मंडळाच्या निर्णयानुसार नापास ठरलेली सर्व झाडं काढून ती जमीन चालू कामासाठी मोकळी करण्यात आली. सहाशे चौदा १९९० साली नापास ठरलं. त्या शेऱ्याखाली आपलीच सही आहे. एकही पील राखलेलं नाही.

पाहुण्यांच्या यादीतील त्रुटीबद्दल दिलगीर आहोत.

आपल्या प्रदीर्घ सेवेची आठवण म्हणून परागाच्या शेडला आपलं नाव द्यावं असा केंद्राचा मानस आहे. २० एप्रिल रोजी छोटासा समारंभ आणि त्यानंतर जेवण ठेवलं आहे. केंद्राची गाडी आपल्याला घ्यायला येईल.

आपला नम्र,
इंजि. नॉर्मान उमान्या, संचालक


तेला, १ एप्रिल १९९६, पवित्र सप्ताहातला सोमवार

इंजिनिअर,

शेडला माझं नाव देऊ नका. त्या शेडमध्ये वटवाघळं आहेत आणि छप्पर गळतं. मी मेल्यावर लोक म्हणतील, कोतो गळते.

नापासाखाली माझी सही आहे, बरोबर. ती मी रडतकढत केली नाही. केळीच्या पैदाशीत काय करावं लागतं ते तुम्ही विसरलात, कारण आता तुम्ही खुर्चीत बसता. चांगल्या केळीला बी नसतं, म्हणून तर लोक ती खातात. आणि बी नसलेल्या झाडापासून नवी जात काढायची तर त्यातून बीच काढावं लागतं. मग जंगली केळीचा पराग लावायचा, घड पिकवायचे, सोलायचे आणि चाळणीवर घासायचे. गर खाली जातो, बी वर राहतं. आठवडेच्या आठवडे वर काही राहत नसे. बायका कोपरापर्यंत गरात बुडालेल्या, माश्या, आणि रिकामी चाळणी. लोक मला विचारायचे, डॉक्टरबाई, तुम्ही दिवसभर करता काय? मी सांगायची, केळी वाया घालवते.

त्या सगळ्या नासाडीतून एक बी आलं आणि रुजलं. काळ्या करप्याने शेजारची पानं जळून लोंबायची आणि सहाशे चौदा हिरवंगार उभं. चव अशी की माझी आई तेला बंदराच्या धक्क्यावर जी केळी विकायची ती आठवली. आणि मग फळ पिकलं, आणि एकेक करून घडावरून गळून खाली पडलं. जे केळं फणीला धरून राहत नाही ते जहाजात चढत नाही. मी नापास लिहिलं. मुलगी गुणी आहे पण सासरी टिकायची नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. तिचा गळा कापा असं मी लिहिलं नव्हतं. तिला पुढे कशाशी तरी जुळवून तो एक दोष काढता आला असता. माझ्याकडे वर्षं उरली नव्हती. तुमच्याकडे होती.

तुमच्या मनात येईल, निवृत्त होताना एक पील घरी का नेलं नाही? माझ्या मागच्या अंगणात भरपूर जागा आहे. ते नेलं नाही, कारण नियम आहे. पील, बी, पान, मातीसुद्धा फाटकाबाहेर जायची नाही. नेणारा त्याच दिवशी कामावरून कमी, आणि झाड जिथे सापडेल तिथे जाळायचं. रोग गाडीने येत नाही, माणसाच्या पिशवीतून येतो. तो नियम मी लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि लोकांच्या जेवणाच्या डब्यांत हात घालून तो पाळायला लावला. मला मागे 'मदर सुपीरियर' म्हणत, ते मला ठाऊक होतं. सिस्टर बेनिग्ना आम्हाला शाळेत सांगायच्या, देव बघतो आहे हे कारण पुरेसं असेल तर मठाला भिंती कशाला बांधल्या असत्या? भिंत बांधायची, आणि आपणही आतच राहायचं.

आता मागणी. तोडताना प्रत्येक झाडाच्या कंदाची नोंद दोघांनी करायची असते. तेओफिलो एकटा होता. त्याची चौकशी व्हावी. या पत्राची प्रत मी राजधानीत, तेगुसिगाल्पाला, संचालक मंडळाला पाठवली आहे. त्यांची बैठक ३ जूनला आहे, हेही मला माहीत आहे.

ए. कोतो


सान तेल्मो, २२ एप्रिल १९९६

आदरणीय डॉक्टरबाई,

आपण सांगितल्याप्रमाणे मी तेओफिलो लाराची चौकशी केली. माझी एकच विनंती आहे: तक्रार मागे घ्या. कारण मी या कागदावर लिहू शकत नाही. मी रविवारी तेला गावी येतो, समोर बसून सांगतो. येताना काही आणू का?

समारंभाला आपण आला नाहीत. जेवण उरलं.

नॉर्मान


तेला, २५ एप्रिल १९९६

इंजिनिअर,

रविवारी येऊ नका. रविवारी मी चर्चमध्ये आठच्या मिस्सेला जाते, नंतर धक्क्यावर एक फेरी, नंतर नारळाचा पाव घेऊन घरी. तो कार्यक्रम मी कोणासाठी बदलत नाही. आजवर बदलायची वेळही आलेली नाही, पण तो मुद्दा वेगळा.

कारण कागदावर लिहू शकत नाही याचा अर्थ कारण वाईट आहे. पंचवीस वर्षांचे होतात तेव्हापासून मी तुम्हाला ओळखते. तुमच्या हातून पहिल्याच आठवड्यात तीन घडांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, "समोर बसून सांगतो." मला वाटतं, तुम्ही स्वतःला वाचवता आहात, आणि मधे तेओफिलोला उभं करता आहात. त्याने तुमच्या हुकमावरून केलं, एवढंच त्याने सांगितलं असणार. मग तसं लिहा.

तुम्हाला काय वाटतं, मला त्या झाडाचं एवढं का? सांगते. मी दर मंगळवारी पहाटेच्या बसने सान तेल्मोला येत होते. लोक म्हणत असतील, म्हातारीला करमत नाही. करमत नाहीच. पण मी माणसांना भेटायला येत नव्हते. माणसं मला बघून कामाचं नाटक करायची, ते मला कळत होतं. मी त्या रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहायची. ते झाड मला डॉक्टरबाई म्हणत नव्हतं आणि मदर सुपीरियरही म्हणत नव्हतं. केळीत आई निसवते, घड देते आणि मरते. शेजारी मुलगी उभी असते, तिच्या पायाशी नात. माणूस रांगेत काही वर्षं आला-गेला तरी घर तेच राहतं. आता तिथे काय आहे? खड्डा.

तक्रार मागे घेत नाही. कारण लेखी, १० मेच्या आत.

ए. कोतो


सान तेल्मो, घरून, ६ मे १९९६

डॉक्टरबाई,

हे मी हाताने आणि घरी बसून लिहितो आहे. केंद्राचा कागद नाही, शिक्का नाही. वाचून झाल्यावर फाडा.

आधी माझं. यादीतून तुमचं नाव मीच काढलं. तुम्ही मंगळवारी आलात की दुपारपर्यंत कोणी नीट काम करत नसे आणि दुपारनंतर सगळे माझ्याकडे येऊन तुमच्याबद्दल बोलत. मला वाटलं, फाटकावर दोनदा थांबवलं की तुम्ही समजाल. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. आणि रांग साफ करायचा हुकूम मंडळाचा होता हे खरं असलं, तरी एक झाड ठेवू द्या म्हणून मी भांडू शकलो असतो. भांडलो नाही.

आता तेओफिलोचं.

मी त्याला बोलावून दार लावलं. म्हटलं, "तेओफिलो, डॉक्टरबाईंनी तुमच्यावर तक्रार केली आहे." तो म्हणाला, "करणारच. मी तिच्या जागी असतो तर कोयता हिसकावला असता." मी विचारलं, "मग तोडताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?" त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "इंजिनिअर, मला काढायचं तर आत्ता काढा, पण पोरीच्या केळीला हात लावू नका."

चार वर्षांपूर्वी त्याला नात झाली. नाळ पडली की ती अंगणात पुरून वर केळ लावतात, तुम्हाला ठाऊक आहे. झाड जगलं तर पोर जगतं. त्यांच्या ग्वायाबाल गावात तेव्हा काळ्या करप्याने एक केळ धड राहिली नव्हती. नातीच्या आधी त्याच्या मुलीची दोन बाळं गेली होती, आणि दोन्ही वेळेला लावलेली केळही करप्याने गेली होती. तो म्हणाला, "मी रोज जगातली सगळ्यात धट्टीकट्टी केळ बघत होतो. नातीच्या नाळेवर आणखी एक मरकी केळ लावली असती तर घरी कुठल्या तोंडाने गेलो असतो?"

कसं नेलं ते ऐका. बाळंतिणीचे चाळीस दिवस झाल्यावर ते सगळे बाळ तुम्हाला दाखवायला केंद्रात आले होते. येताना दुपट्यात बाळ होतं. जाताना बाळ आजीच्या शालीखाली होतं आणि दुपट्यात सहाशे चौदाचं पील. फाटकाशी तुम्ही समोरून आलात. तेओफिलो म्हणतो, तिथेच त्याचा जीव गेला होता. तुम्ही म्हणालात, "झोपलं वाटतं." दुपट्याचा पदर काही उचलला नाहीत, पण वरून बोटाने क्रूस काढलात आणि म्हणालात, "देव हिला मोठी करो." डॉक्टरबाई, तुम्ही कंदाला आशीर्वाद दिलात.

ते झाड अजून उभं आहे. म्हणजे त्या झाडाची नात. तेओफिलो सांगतो, पान काळं पडलेलं नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. मंडळापुढे चौकशी गेली की तो शपथेवर खोटं बोलणार नाही. त्याला पेन्शनला सात महिने उरले आहेत. आणि नियमाप्रमाणे माणूस कमी आणि झाड जिथे सापडेल तिथे जाळायचं. नियम तुमचा आहे, आणि तुम्हीच त्यात 'अपवाद नाही' असं लिहिलेलं आहे. मी दोनदा वाचलं.

काय करू ते सांगा. या वेळी समोर बसून नको, लिहूनच सांगा.

नॉर्मान


तेला, १४ मे १९९६

नॉर्मान,

तुझं पत्र फाडलं. आधी तीनदा वाचलं.

फाटकाबद्दल तू लिहिलंस ते बरं केलंस. असले अपमान मला आधी कळलेले आवडतात. कोणी मागाहून दयेने सांगावं याचा मला राग येतो. मंगळवारी आता मी येणार नाही. तू यादीत नाव परत घातलंस तरी नाही.

नियम बरोबर होता. आजही बरोबर आहे. त्या कंदाबरोबर रोग गेला असता तर ग्वायाबालच काय, नदीकाठच्या सगळ्या बागा बसल्या असत्या. तेओफिलोने गुन्हा केला. हे तू त्याला माझ्या नावाने सांग. आणि त्याला सांग, मला तेव्हाही वाटलं होतं की हे पोर फारच थंड आणि फारच शहाणं आहे.

रविवारी, १२ तारखेला, मी ग्वायाबालला गेले. मिस्सा चुकवली. तो मातृदिन आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. माझ्या ध्यानात राहण्याचं काही कारणही नाही. बसच्या कंडक्टरने सगळ्या बायकांना एकेक कार्नेशन दिलं, मलाही. "अभिनंदन, माते." मी म्हटलं, मी कोणाची आई नाही. तो म्हणाला, "घ्या हो आजी, मोजतंय कोण?" ते फूल मांडीवर घेऊन मी बसले.

तेओफिलो घरी नव्हता. सणाचं म्हणून कोंबडी आणायला गेला होता. त्याची बायको मला ओळखत नव्हती, की ओळखून गप्प राहिली, कळलं नाही. मी सांगितलं, मी तेला गावची आहे, पाणी मिळेल का? तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आत स्वयंपाकाला गेली. आत खूप बायका होत्या. हसत होत्या. मी अंगणात एकटीच.

झाड मी दुरूनच ओळखलं. शेजारच्यांच्या केळी करप्याने चिंध्या झालेल्या, आणि मधे ती. मी उठून जवळ गेले. पानाच्या मागची बाजू बघितली, खोडावरचे डाग बघितले, पिलं मोजली. रोग नाही. मला वाटलं होतं, काहीतरी बोलावंसं वाटेल. काही वाटलं नाही. तिला माझी गरज नाही, हे झाडाकडे बघून इतकं स्वच्छ दिसत होतं की मी हात काढून घेतला.

घड पिकला होता. आणि नॉर्मान, फळं खाली गळत होती. जिच्यामुळे मी तिला नापास केलं, तीच खोड, जशीच्या तशी. खाली गवताची चटई अंथरली होती, कारण पडतात हे त्या घराला माहीत आहे. चटईवर एक पोर बसली होती, चार वर्षांची, नाकाला शेंबूड, झगा नवा. तिचा हात घडापर्यंत कधी पोचला नसता. ती वर बघत, तोंड उघडं ठेवून वाट बघत होती. एक केळं पडलं. तिने उचललं, सोललं, अर्धं खाल्लं.

मी विचारलं, "काय गं, ही केळ कोणाची?"

"माझी."

"हिला नाव आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी वेडी असल्यासारखी. म्हणाली, "निदिया."

"ते तर तुझं नाव."

"तिचं पण तेच. आम्ही एकच आहोत." मग विचारलं, "तुला हवं का?" आणि उरलेलं अर्धं माझ्यापुढे केलं.

मी खाल्लं. शेंबडासकट. चव तीच आहे.

फूल मी चटईवर ठेवलं आणि तेओफिलो यायच्या आत निघाले. त्याला भेटून मी काय म्हटलं असतं? त्याने टोपीला हात लावला असता, मी घड्याळ बघितलं असतं. बस यायला वेळ होता. मी रस्त्यावर उभी राहिले. आतलं हसणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. एकतीस वर्षं मी ज्याच्यासाठी केळी वाया घालवल्या ते मागे अंगणात उभं होतं, आणि तिथे माझं नाव कोणी घेत नव्हतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. नोंद असावी म्हणून लिहिते.

आता कामाचं. मला केंद्राच्या कागदावर, शिक्क्यानिशी, तुझ्या पूर्ण सहीने असं पत्र हवं: सहाशे चौदा क्रमांकाचं झाड १२ मार्च रोजी तोडण्यात आलं, त्याचे कंद आणि सर्व पिलं खणून जाळण्यात आली, नोंदणीच्या वेळी दुसरी व्यक्ती म्हणून कुंपणापलीकडून डॉ. एदेल्मिरा कोतो साक्षीला होत्या. आणि त्या वाणाचा कोणताही भाग केंद्राच्या आत किंवा बाहेर, कुठेही, जिवंत नाही. 'आमच्या माहितीप्रमाणे' असलं काही घालू नकोस. पळवाट ठेवलेलं वाक्य मंडळ सर्वात आधी वाचतं. ते पत्र जोडून मी तक्रार मागे घेईन आणि चौकशीचं कारण उरणार नाही.

तुझ्याच्याने असं लिहवणार नाही, म्हणून मसुदा सोबत आहे. टंकलेखकाला दे. स्पेलिंग मी तपासलं आहे. पापाचं मी फादरशी बघून घेईन. एवढी वर्षं त्यांच्याकडे पापांची कबुली देताना माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नसायचं, दोघंही कंटाळलो होतो.

लेखी उत्तर शुक्रवार, ३१ मे, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. वेळ माझ्या घड्याळातली.

एदेल्मिरा कोतो